पांढऱ्यावर पांढरं

कोहमाऱ्याहून गोंदियाकडे वळलं की मी एक खेळ खेळतो. रस्त्याकडेच्या भोजनालयाच्या फ्लेक्सवर किती पदार्थ छापलेत ते मोजायचं आणि आत जाऊन त्यातले किती मिळतात ते विचारायचं. यंदा पाऊस सरता सरता खेळलो, तेव्हा पहिल्याच ठिकाणी बोर्डावर नऊ पदार्थ होते. लोण्याचा गोळा तरंगणारं पनीर, तंदूरमधला अख्खा कोंबडा, लेट्यूसच्या पानांचं सॅलड आणि एका कोपऱ्यात चक्क पिझ्झा. आत गेलो. गल्ल्यावरचे काका म्हणाले, "भात, वरण, वांग्याची भाजी, पोळी. अंडाकरी पाहिजे असन तर वीस मिनिटं."

"आणि बाहेर लावलंय ते?"

काकांनी मान बाहेर काढून स्वतःचाच बोर्ड पाहिला. बहुधा बऱ्याच दिवसांनी पाहत असावेत. म्हणाले, "ते फ्लेक्सवाल्यानं टाकलं जी."

वांग्याची भाजी अप्रतिम होती. काळपट रस्सा, वर तेलाचा लाल तवंग, आणि वांगं असं शिजलेलं की देठ धरून उचललं तर खालचा गर ताटातच राहावा. भात मोकळा, आत्ताच उतरवलेला. मी दोनदा घेतला. बाहेर आल्यावर पुन्हा त्या पिझ्झ्याकडे पाहिलं आणि वाटलं, हा माणूस आपल्याकडचं सोनं मागच्या खोलीत ठेवून दारावर दुसऱ्याचं पितळ टांगून बसलाय. आणि त्यासाठी त्याने पैसेही मोजलेत.

त्यानंतर मी आमगाव, देवरी, तिरोडा असा फिरलो तेव्हा तेच पनीर पुन्हा पुन्हा भेटत राहिलं. वाटी तीच, कोथिंबिरीचं पान त्याच बाजूला झुकलेलं. एका फ्लेक्सवाल्याच्या दुकानात बसून पाहिलं तेव्हा उलगडा झाला. त्याच्या संगणकात 'व्हेज', 'नॉनव्हेज' आणि 'वाढदिवस' असे तीन फोल्डर होते. हॉटेलवाला येतो, नाव आणि मोबाइल नंबर सांगतो, 'चांगलं काही टाकून दे' म्हणतो. फोटो कुठून आले, हे त्या पोरालाही सांगता येईना. त्याच्याआधी जो कामाला होता त्याने भरून ठेवलेत म्हणे.

आमच्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या, झाडीपट्टीत हे घडावं याचं मला जास्तच नवल वाटतं. भाऊबीज झाली की गावोगावच्या मंडया, म्हणजे जत्रा, सुरू होतात, रात्री नाटकं रंगतात, आणि नाटकाच्या फ्लेक्सवर नटनट्यांचे ठळक चेहरे असतात. समजा एखाद्या मंडळाने फ्लेक्सवर एका नटीचा फोटो लावला आणि रंगमंचावर दुसरीच उभी केली, तर प्रेक्षक मंडप डोक्यावर घेतील. नाटकाच्या तिकिटाला आपण जो न्याय लावतो तो जेवणाच्या ताटाला लावत नाही.

*

गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झाला. तांदळाचा जिल्हा, धानाचं कोठार, राईस मिलचं शहर ही विशेषणं त्याआधीपासूनची. इथे शेतात असतो तो धान, मिलमधून निघतो तो तांदूळ, तुटतो ती कनकी आणि ताटात येतो तो भात. प्रत्येक पायरीला वेगळा शब्द आहे आणि शब्द चुकला की माणूस बाहेरचा ठरतो. मुंबई-हावडा रेल्वेमार्गावरचं हे जंक्शन. इथूनच बालाघाटमार्गे जबलपूरकडे फाटा जातो, दुसरा बल्लारशाकडे. दक्षिणेला राष्ट्रीय महामार्ग ५३ वरून छत्तीसगडकडे जाणाऱ्या ट्रकांची रांग. तिरोड्याला ३३०० मेगावॉटचं औष्णिक वीज केंद्र, तिथे कुठकुठून आलेले कामगार आणि अभियंते. शहरात हिंदी आणि मराठी सारख्याच चालतात, खेड्यात पोवारी आणि झाडीबोली, सालेकसा-देवरीकडे गोंडी.

थोडक्यात, इथल्या हॉटेलात शिरणारा माणूस कोणती लिपी वाचेल याची खात्री नाही. आंध्रातून आलेल्या ड्रायव्हरला 'पाटवडी रस्सा' ही अक्षरं वाचता आली तरी कळणार काय? त्याला दिसलं पाहिजे. फोटो ही इथे हौस नाही, तो दुभाषा आहे. आणि आपण हा दुभाषा असा ठेवलाय की भात मागितला तर तो पिझ्झा सांगतो.

ऑक्सफर्डचे चार्ल्स स्पेन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ साली डोळ्यांच्या भुकेवर एक शोधनिबंध लिहिला. अन्नाचं चित्र पाहिलं की मेंदूत आणि शरीरात काय हालचाल होते, याचा त्यात आढावा आहे. आपल्याकडे 'पाहूनच पोट भरलं' म्हणतात, ते मात्र शास्त्राला सरसकट मान्य दिसत नाही. पाहून बहुधा भूकच वाढते.

*

माझ्या मावसभावाची गोंदियात छोटी खानावळ आहे. सहा टेबलं, एक लाकडी बाक, भिंतीवर गजानन महाराज. दादाला मी फ्लेक्सचं प्रकरण सांगितलं तर तो हसला. "मले सांग, गिऱ्हाईक फोटो खाते का भात खाते?" पण वहिनी भात उपसता उपसता म्हणाल्या, "खात नाही, पण आत त्याच्यामुळेच येते ना." घरात शेवटचा शब्द कोणाचा असतो हे मला माहीत असल्यामुळे मी लग्नांचे फोटो काढणाऱ्या माझ्या एका मित्राला फोन लावला. पावसाळ्यात लग्नं नसतात, तो रिकामाच होता. कॅमेरा मात्र आणू नको म्हटलं. जे करायचं ते मोबाइलवर, म्हणजे नंतर दादाला स्वतः करता येईल.

आम्ही वडाभात निवडला. भिजवलेल्या डाळी भरड वाटून तळलेले वडे, गरम भातावर कुस्करायचे, वरून हिंग आणि लाल मिरचीची चरचरीत फोडणी. सोबत कढी. विदर्भाबाहेरच्या माणसाला हे नुसतं सांगितलं तर तो विचारतो, वडा भातात का घालता? खाल्ल्यावर विचारत नाही.

मित्राने पहिला फोटो काढला तो आपण सगळे काढतो तसाच. ताट टेबलावर, वर ट्यूबलाइट, मोबाइलचा फ्लॅश चालू. फोटोत भात म्हणजे एक पांढरा डाग. दाणे नाहीत, वाफ नाही. स्टीलच्या ताटात फ्लॅशचा गोळा आणि मित्राचा चौकड्यांचा शर्ट. कढी पिवळी न दिसता हिरवट. वहिनींनी पाहिलं आणि म्हणाल्या, "हा तर दवाखान्यातला भात वाटते."

इथून पुढचे दोन तास मी जे शिकलो त्यासाठी हा लेख लिहितोय.

सगळ्यात आधी मित्राने मोबाइलच्या कॅमेऱ्याची काच बनियनच्या टोकाने पुसली. स्वयंपाकघराजवळ राहणाऱ्या मोबाइलवर तेलाचा बारीक थर बसलेला असतो, बोटांचा वेगळा. हॉटेलवाल्यांचे निम्मे फोटो धुक्यात काढल्यासारखे दिसतात ते यामुळे. मग त्याने सगळे दिवे बंद केले. दादा चक्रावला, "लाईट बंद करून फोटो?" तर हो. नव्या पांढऱ्या दिव्याचा प्रकाश साधारण ६५०० केल्विनचा, निळसर. वहिनींच्या ओट्यावरचा जुना बल्ब २७०० चा, पिवळा. आपला डोळा दोन्हीची समजूत घालतो आणि भात पांढराच पाहतो. कॅमेऱ्याला ती समजूत घालता येत नाही. भाताचा एक भाग निळा, एक पिवळा होतो. एका वेळी एकच प्रकाश, आणि तो शक्यतो दारातून येणारा.

खानावळीचं दार उत्तरेला आहे, ही दादाची पुण्याई. उत्तरेच्या दारातून ऊन थेट येत नाही, नुसता उजेड येतो. सकाळी साडेदहाची वेळ, जेवणाची गर्दी व्हायच्या आधीची. टेबल दाराजवळ ओढलं, उजेड ताटाच्या बाजूने आणि थोडा मागून पडेल असं. समोरून पडलेला उजेड अन्नाला सपाट करतो. बाजूने पडलेला प्रत्येक दाण्याला त्याची स्वतःची सावली देतो. दुसऱ्या बाजूला अंधार जास्त होत होता, तिथे थर्माकोलचा पांढरा तुकडा उभा केला. गणपतीच्या मखरातून उरलेला होता. उजेड त्याच्यावर आपटून परत ताटावर आला.

तरी भात हट्टाने डागच राहिला.

याचं कारण मोठं मजेशीर आहे. कॅमेऱ्याच्या मते जग करड्या रंगाचं असतं. समोर काय आहे हे त्याला ठाऊक नसतं, म्हणून तो धरून चालतो की सगळं मिळून सरासरी मध्यम करडं असणार. छायाचित्रकारांच्या भाषेत अठरा टक्के. समोर भाताने भरलेलं पांढरं ताट धरलं तर तो घाबरून उजेड कमी करतो आणि भात मळकट होतो. काळ्या टेबलावर छोटीशी भाताची मूद ठेवली तर तो टेबलाकडे पाहून उजेड वाढवतो आणि भात जळून पांढरा गोळा होतो. लालभडक तर्रीचं त्याला काही वाटत नाही, तिचा फोटो कोणीही काढावा. पोह्यांचाही सहज येतो. अख्ख्या भारतीय जेवणात कॅमेऱ्याला सगळ्यात जास्त छळणारी वस्तू म्हणजे पांढऱ्या ताटातला पांढरा भात, आणि आमचा अख्खा जिल्हा त्याच्यावर जगतो!

उपाय साधा निघाला. मोबाइलच्या पडद्यावर भातावरच बोट ठेवायचं. शेजारी सूर्यासारखी खूण येते. ती हळूहळू खाली-वर सरकवायची, दाणे सुटे दिसेपर्यंत. बाकीचं ताट जरा अंधारलं तरी चालेल, थर्माकोल ते सांभाळतो. दुसरं म्हणजे पांढऱ्याखालचं पांढरं काढून घ्यायचं. वहिनींनी माळ्यावरून पळसाच्या पत्रावळी काढल्या. त्या सुकलेल्या, हिरवट-तपकिरी पानांवर भात ठेवला आणि तो एकदम भातासारखा दिसायला लागला. स्टीलचं ताट आरसाच असतं, पत्रावळ कोणाचा शर्ट दाखवत नाही. शिवाय ती इथली आहे. हा फोटो पुण्यात काढलेला नाही, हे न लिहिता कळतं.

वाफेसाठी वेगळी कसरत. वाफ दिसायला तिच्या मागे अंधार आणि मागून उजेड, दोन्ही लागतं. दादा काळी छत्री उघडून मागे उभा राहिला. खानावळीच्या मालकाने स्वतःच्याच दुकानात भाताला छत्री धरलेली पाहून दोन गिऱ्हाइकं दारातच थबकली. वाफ मिनिटभर टिकते. वहिनी पातेल्यातून भात वाढत, मित्र फोटो काढे, भात निवला की परत पातेल्यात. तिसऱ्या वेळी दादा म्हणाला, "आता तरी जेवू द्या जी लोकांले."

कोनाचंही एक गणित असतं. ताट भरलेलं, पदार्थ चपटे असतील तर सरळ वरून. वाटीतला रस्सा असेल तर तिरक्या नजरेने, जेवायला बसलेला माणूस पाहतो तसा. कुस्करलेल्या वड्याचा ढीग असेल तर अगदी खाली वाकून. आणि मोबाइल ताटाच्या नाकाशी न्यायचा नाही. जवळून जवळची वस्तू फुगते, वडा भोपळ्याएवढा होतो. दोन पावलं मागे सरून दुप्पट झूम करायचं.

शेवटी लांब पोळी. उलट्या मडक्यावर भाजायची ती, कोपरापर्यंत हातांवर खेळवत ताणलेली. ताटात घडी घालून ठेवली की ती रुमालासारखी दिसते, तिचं सौंदर्य सगळं हवेत असतं. खानावळीत ती करायला एक मावशी आठवड्यातून दोन दिवस येतात. मित्राने मोबाइल वर केला तशी त्यांनी पदर पुढे ओढला. "हात घे, तोंड नको." तेच केलं. मागे जाळ, मध्ये दोन्ही हातांवर पडद्यासारखी झुलणारी पोळी, तिच्यातून पलीकडचा उजेड झिरपतोय. त्या दिवसातला सगळ्यात चांगला फोटो हाच. त्यात ताट नाही, टेबल नाही, कोथिंबीर नाही.

*

चांगला फोटो आणि खोटा फोटो यांच्यामध्ये एक गल्ली आहे, आणि तिच्यात जगभरची मोठमोठी माणसं शिरून आलीत. अमेरिकेतल्या कॅम्पबेल कंपनीच्या सूपच्या जाहिरातीत १९६०च्या दशकात वाडग्याच्या तळाशी काचेच्या गोट्या घातल्या होत्या. गोट्यांमुळे भाज्यांचे तुकडे वर उचलले जात आणि सूप भरगच्च दिसे. सरकारी व्यापार आयोगापर्यंत प्रकरण गेलं. त्यात उडी घेतलेल्या कायद्याच्या विद्यार्थ्यांनी आपल्या गटाचं नाव असं ठेवलं होतं की आद्याक्षरं जोडली की 'सूप' व्हावं. जपानने याच्या उलट केलं. ताकिझो इवासाकी या माणसाने १९३२ मध्ये मेणाच्या पदार्थांचा धंदा काढला. त्याचं पहिलं गाजलेलं काम म्हणजे मेणाचं ऑम्लेट. आज जपानी हॉटेलांच्या काचेच्या कपाटात असे नकली पदार्थ मांडलेले असतात. पण दाखवलं तेवढंच आणि तसंच ताटात यावं, अशीच तिथे अपेक्षा असते. वस्तू खोटी, वचन खरं.

आता फ्लेक्सवाल्याच्या फोल्डरची जागा कृत्रिम बुद्धिमत्ता घेऊ लागली आहे. 'मटण थाळी' टाइप करा, चार सेकंदांत थाळी हजर. तिच्यातल्या हाडांची गणती कोणत्याच बकऱ्याशी जुळत नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये झोमॅटोचे संस्थापक दीपिंदर गोयल यांनी जाहीर केलं, की हॉटेलांनी मेनूमध्ये अशी चित्रं वापरू नयेत, कंपनी ती काढून टाकायला सुरुवात करेल, आणि ज्यांना खरे फोटो हवेत त्यांना ते नफा न घेता काढून देईल. गिऱ्हाइकांच्या तक्रारी हे त्यांनी दिलेलं कारण. फसवलं गेल्यावर माणूस पैसे परत मागतो, हे शेवटी संगणकालाही पचवावं लागलं. आपल्या २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणारी जाहिरात हा स्वतंत्र गुन्हा आहे, केंद्रीय प्राधिकरण दहा लाखांपर्यंत दंड करू शकतं. कोहमाऱ्याच्या काकांच्या पिझ्झ्यापर्यंत ते पोचेल असं मला वाटत नाही. पोचू नये असंही वाटतं, कारण काका कोणाला फसवत नाहीत. त्यांना स्वतःचा भात दाखवण्यासारखा वाटत नाही, एवढंच.

हे मला जास्त टोचतं. नागझिऱ्याच्या चोरखमारा गेटवर उभं राहिलात तर लाखलाख रुपयांची लेन्स गळ्यात अडकवलेली माणसं दिसतात. २०१३ च्या डिसेंबरात नवेगाव आणि नागझिरा मिळून व्याघ्र प्रकल्प झाला, तेव्हापासून तर जास्तच. वाघाच्या शेपटीच्या टोकाचाही फोटो ती जपून नेतात. दुपारी गेटबाहेरच्या टपरीवर हीच माणसं पत्रावळीवरचा झुणका आणि भात खातात, बोटं चाटतात, आणि एकाचाही कॅमेरा वर उठत नाही. मी एकाला विचारलं. तो म्हणाला, "याच्यात काय आहे फोटो काढण्यासारखं?" टपरीवाली बाई ऐकत होती. तीही मान हलवून हसली, जणू त्याचं बरोबरच आहे.

*

दादाच्या खानावळीचं पुढे काय झालं, हे विचाराल. नशीब उघडलं वगैरे काही नाही. जुना फ्लेक्स उतरला, नवा लागला. त्यावर तीनच फोटो आहेत: वडाभात, वांग्याचा रस्सा, मावशींचे हात. तेच तीन गूगलच्या नकाशावर टाकले. आधी तिथे कोणीतरी काढलेला हात धुण्याच्या बेसिनचा फोटो पहिला येत असे.

एक गोष्ट मात्र आमच्यापैकी कोणाच्या डोक्यात नव्हती. पंधरा दिवसांनी एका ड्रायव्हरने वडाभात मागवला, ताट आल्यावर उठून बाहेर गेला, फ्लेक्स पाहून आला आणि म्हणाला, "फोटो में चार वडे है।" ताटात तीन होते. त्या दिवशी स्वयंपाकाला वहिनी नव्हत्या, पोरगा होता. दादाने चौथा वडा दिला आणि संध्याकाळी फोटोची एक प्रत काढून ओट्यासमोर भिंतीवर चिकटवली. आता कोणीही वाढायला असलं तरी ताट त्या चित्राकडे पाहून लागतं. भात किती, कढीची वाटी कोणत्या बाजूला, मिरची कुठे. गिऱ्हाइकासाठी काढलेला फोटो स्वयंपाकघराचं माप झाला. वहिनींना हे आवडलं नाही. "मी का चित्र पाहून वाढीन?" असं म्हणतात, आणि जाता-येता पाहतात.

चिन्नोरचा प्रयत्न मात्र फसला. भंडाऱ्याच्या चिन्नोर तांदळाला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, म्हणून दादाने मोठ्या उत्साहाने थोडा आणला. शिजताना गल्लीपर्यंत वास गेला. फोटो काढले, तर कोणत्याही बारीक तांदळाचा भात दिसतो तसाच दिसला. मित्राने अर्धा तास खटपट केली आणि मोबाइल खिशात टाकला.

गोंदियाहून परतताना नवेगावबांधाच्या बाजूने आलो. दिवाळीच्या तोंडावर या भागातल्या तलावांमधून शिंगाडे निघतात. ढिवर बायका रस्त्याच्या कडेला टोपली घेऊन बसतात, कच्चे हिरवे-तांबूस एकीकडे, उकडलेले एकीकडे. उकडलेला शिंगाडा काळाकुट्ट असतो. मला आता फोटोचं वेड लागलेलं. खाली बसलो, काच पुसली, उजेड बाजूने घेतला, काळ्यावर बोट ठेवून सूर्य सरकवला. चार-पाच काढले आणि टोपलीवाल्या आजींना दाखवले.

आजींनी मोबाइल डोळ्यांपासून लांब धरला. झाडीबोलीत 'ळ' नसतो, त्याच्या जागी 'र' येतो. "हा तं कोरसा दिसून राहिला," त्या म्हणाल्या. मग एक शिंगाडा उचलून दातांनी मधोमध फोडला, सालातून अर्धा बाहेर आलेला तो पांढराशुभ्र गर बाकीच्या काळ्या ढिगावर ठेवला आणि हात मागे घेतला.

"आता काढ."